ब्लॉकलिस्ट लावूनही स्पॅम येतो, आणि मधेच खरे मेल परत जातात: बिघाड नेमका कुठे शोधायचा

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या लहान कंपन्या, महाविद्यालये, पतसंस्था यांच्याकडे ही तक्रार ठराविक काळाने डोके वर काढते. पोस्टफिक्स हे मेल पाठवणारे-घेणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते. जोडणी करणाऱ्या आयपीची पत पाहून मेल घ्यायचा की नाकारायचा हे ठरवण्यासाठी दोन-तीन ब्लॉकलिस्ट (ज्यांच्याकडून मेल घेऊ नये अशा आयपींच्या याद्या) लावलेल्या असतात. काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एक तर तपासणी बंदच असावी असा स्पॅम आत येऊ लागतो, नाही तर एका सकाळी ग्राहक, बँक, पुरवठादार अशा सगळ्यांचेच मेल ५५४ चा नकार घेऊन परत जातात. सेवा रीस्टार्ट केली की सुधारते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट दिसतात, पण मूळ बहुधा एकच असते. पत तपासताना तीन गोष्टी जागेवर असाव्या लागतात: विचारणारा कोण आहे, कोणाबद्दल विचारतो आहे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावतो आहे. यांपैकी एक जरी सुटली तरी यादी कितीही चांगली असून उपयोग नाही. आणखी चार याद्या जोडून तर बिघाड वाढतोच.

खाली सेटिंगची आणि झोनची (म्हणजे यादी ज्या डीएनएस नावाखाली विचारायची त्याची) नावे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये आणि टर्मिनलवर ती, आकड्यांसकट, रोमन लिपीतच टाइप करायची.

मेल आत्ता परत जात असतील तर

कारण नंतर शोधा, आधी नुकसान थांबवा. तपासणी पोस्टस्क्रीनमध्ये (पोस्टफिक्सचा दारावरच जोडणी तपासणारा भाग) असेल तर मेन.सीएफ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन ची किंमत इग्नोर करा. तपासणी रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट या नियमाने होत असेल तर सॉफ्ट_बाउन्स = येस लिहा. मग पोस्टफिक्स रीलोड करा. सॉफ्ट बाउन्समुळे ५ ने सुरू होणारा कायमचा नकार ४ ने सुरू होणारा तात्पुरता नकार होतो, त्यामुळे समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. हे फक्त दुरुस्ती होईपर्यंत. असेच राहू दिले तर स्पॅम पाठवणारेही परत परत धडकत राहतात.

उत्तर कसे येते

तपासणी डीएनएसवरून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवरून, होते. समजा १९२.०.२.२५ या आयपीवरून जोडणी आली. सर्व्हर आकडे उलट क्रमाने लावून २५.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग असे नाव बनवतो आणि त्याचा ए रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाचा आयपी पत्ता, विचारतो. ‘असे नावच नाही’ असे उत्तर आले तर तो आयपी यादीत नाही. १२७ ने सुरू होणारा पत्ता आला तर आहे, आणि कशासाठी आहे ते त्या पत्त्यातच सांगितलेले असते.

स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेच्या झेनमध्ये चार याद्या एकत्र आहेत. १२७.०.०.२ म्हणजे एसबीएल, ओळख पटलेले स्पॅम स्रोत. १२७.०.०.३ म्हणजे सीएसएस, कमी प्रतीचे मेल पाठवताना आपोआप पकडले गेलेले आयपी. १२७.०.०.४ म्हणजे एक्सबीएल, व्हायरस किंवा बॉटनेटची लागण झालेली यंत्रे. १२७.०.०.१० आणि १२७.०.०.११ म्हणजे पीबीएल. पीबीएलमधल्या आयपीने काहीही वाईट केलेले नसते. घरगुती ब्रॉडबँड किंवा मोबाइलचा तो पत्ता आहे, तिथून कोणी दुसऱ्याच्या सर्व्हरला थेट पोर्ट २५ वर मेल देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी मेख. १२७.२५५.२५५ ने सुरू होणारी उत्तरे पत सांगतच नाहीत. ती विचारणाऱ्यालाच दिलेली सूचना असते. शेवटी २५२ असेल तर झोनचे नाव चुकीचे लिहिले आहे. २५४ असेल तर चौकशी सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (सगळ्यांसाठी डीएनएस उत्तरे शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) आली आहे, किंवा कोणाची आहे हे ओळखता येत नाही अशा आयपीवरून. २५५ असेल तर चौकशींची संख्या मर्यादेबाहेर गेली आहे. नियमात झोनचे नुसते नाव लिहिले असेल तर पोस्टफिक्स कुठलाही ए रेकॉर्ड म्हणजे ‘यादीत आहे’ असेच धरतो. सूचनेलाच गुन्हा समजून मग तो प्रत्येक मेल नाकारतो. नियम नेमका लिहिला असेल तर याच सूचनेकडे दुर्लक्ष होते आणि सगळा स्पॅम आत येतो. बिघाड एकच, पण लक्षणे अशी दोन टोकांची दिसतात.

विचारणारा कोण आहे ते तपासा

मेल सर्व्हरवरच डिग या डीएनएस विचारणाऱ्या कमांडने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव विचारा. ब्लॉकलिस्टच्या प्रथेप्रमाणे १२७.०.०.२ ही चाचणीसाठीची नोंद असते आणि ती कायम यादीत असते. १२७.०.०.१ मात्र कधीही यादीत नसते. ही प्रथा २०१० च्या आरएफसी ५७८२ मध्ये लिहून ठेवली आहे. झेनकडून १२७.०.०.२, १२७.०.०.४ आणि १२७.०.०.१० अशी उत्तरे आली तर रस्ता मोकळा आहे. २५४ आले किंवा काहीच आले नाही तर रिझॉल्व्हर पाहा.

व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतले की त्यावर बऱ्याचदा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे सार्वजनिक रिझॉल्व्हर आधीच लावलेले असतात. मोफत याद्या अशा रिझॉल्व्हरला उत्तर देत नाहीत, कारण तिथून हजारो सर्व्हरच्या चौकशी एकत्र येतात आणि कोण किती विचारतो हे मोजता येत नाही. स्पॅमहाउसच्या मोफत वापराची अट बिनव्यावसायिक उपयोग, दिवसाला १,००,००० पेक्षा कमी एसएमटीपी जोडण्या आणि ३,००,००० पेक्षा कमी चौकशी अशी आहे. शंभर माणसांच्या संस्थेला ही संख्या भरपूर आहे, पण ती स्वतःच्या आयपीवरून विचारली तर.

उपाय म्हणजे त्याच यंत्रावर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवणे. तो १२७.०.०.१ वर ऐकेल असे ठेवा आणि त्याच्या कॉन्फिगमध्ये फॉरवर्ड झोन अजिबात ठेवू नका. फॉरवर्ड ठेवला तर तो पुन्हा सार्वजनिक रिझॉल्व्हरलाच विचारतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडे हवे. चौकशी खरोखर आपल्याच आयपीवरून निघते का हे पाहायला डिगने हूॲमआय.अकामाई.नेट विचारा. जो रिझॉल्व्हर शेवटी बाहेर पडला त्याचा आयपी उत्तरात येतो. तिथे सर्व्हरचा आयपी न दिसता दुसराच दिसला तर मधले कोणी डीएनएस अडवून स्वतःकडे वळवते आहे. आधी ते सोडवा.

हे सगळे करूनही बिघाड परत येतो, तेव्हा त्याची कारणे, कोणत्या रिझॉल्व्हरला विचारायचे ते ठरवणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलपाशी सापडतात.

पहिले कारण: सर्व्हर रीबूट झाला की डीएचसीपी क्लायंट, क्लाउड-इनिट किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही फाइल नव्याने लिहितो आणि जुना सार्वजनिक पत्ता परत येतो. उबंटूवर तिथे १२७.०.०.५३ दिसले की अनेकांना स्थानिक रिझॉल्व्हर चालू आहे असे वाटते. तो फक्त पुढे पाठवणारा टप्पा आहे. त्याच्या मागे कोण आहे ते रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ने बघा.

दुसरे कारण ओळखायला सगळ्यात अवघड. फाइलमध्ये पहिला १२७.०.०.१ आणि ‘असू दे आधाराला’ म्हणून दुसरा ८.८.८.८ लिहिलेला असतो. अनबाउंडला एखादे उत्तर आणायला नेहमीपेक्षा वेळ लागला की सिस्टिमची लायब्ररी, साधारण ५ सेकंदांनी, दुसऱ्याला विचारते. म्हणजे दिवसातून काही वेळाच २५४ येते, काही मेल परत जातात आणि तपासायला बसलात की सगळे ठीक दिसते. मेल सर्व्हरवर सार्वजनिक रिझॉल्व्हर आधाराला ठेवू नका. आधार हवा असेल तर दुसऱ्या यंत्रावर दुसरा अनबाउंड उभा करा.

तिसरे कारण डेबियन आणि उबंटूवर भेटते. तिथे पोस्टफिक्सच्या प्रक्रिया क्रूटमध्ये (एका वेगळ्या, बंदिस्त फोल्डरमध्ये) चालत असतील तर त्या व्हार, स्पूल, पोस्टफिक्स, ईटीसी या रस्त्यावरची रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वाचतात. मूळ फाइल दुरुस्त झाली तरी ही प्रत जुनीच राहते. पोस्टफिक्स सुरू होताना ती नव्याने घेतली जाते. ‘रीस्टार्ट केले की सुधारते’ या अनुभवामागे अनेकदा हेच असते. दोन्ही फाइली डिफ कमांडने ताडून पाहा.

अनबाउंड नीट असूनही २५४ येत असेल तर सर्व्हरच्या आयपीचे रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून मिळणारे नाव) क्लाउड कंपनीच्या सरसकट साच्यातले आहे का ते पाहा. तसे असेल तर स्पॅमहाउसकडे नोंदणी करून डीक्यूएस या त्यांच्या चौकशी सेवेची किल्ली घ्या, कमी वापराला ती मोफत मिळते. मग झोनचे नाव किल्ली.झेन.डीक्यू.स्पॅमहाउस.नेट असे होते. ही किल्ली नकाराच्या संदेशात बाहेर जाते, म्हणून पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_रिप्लाय_मॅप लावून संदेशात साधे नाव दिसेल असे करा. रिजेक्ट_आरबीएल_क्लायंटसाठी हेच काम आरबीएल_रिप्लाय_मॅप्स करतो.

उत्तर वाचायची शिस्त

एका यादीच्या होकारावर मेल नाकारण्यापेक्षा पोस्टस्क्रीनमध्ये गुण देऊन बेरीज करणे कधीही बरे. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_थ्रेशोल्ड ३ ठेवा आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_साइट्स मध्ये असे लिहा:

झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]*३
बी.बाराकुडासेंट्रल.ऑर्ग=१२७.०.०.२*२
बीएल.स्पॅमकॉप.नेट=१२७.०.०.२*१
लिस्ट.डीएनएसडब्ल्यूएल.ऑर्ग=१२७.०.[०..२५५].[१..३]*-२

झेन एकटे पुरेसे आहे. बाराकुडा आणि स्पॅमकॉप दोघे मिळून अडवू शकतात, एकटे नाही. शेवटची यादी चांगल्या पाठवणाऱ्यांची आहे, ती गुण वजा करते. तिच्या शेवटच्या आकड्याची मर्यादा १ ते ३ च ठेवायची, कारण १२७.०.०.२५५ हे तिचेही ‘तुमची चौकशी बंद केली आहे’ असे उत्तर आहे. ते मोजले गेले तर प्रत्येक स्पॅमवाल्याला शाबासकी मिळते. बाराकुडाच्या यादीसाठी आपल्या रिझॉल्व्हरचा आयपी आधी त्यांच्याकडे नोंदवावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन ची मूळ किंमत इग्नोर असते. म्हणजे याद्या नीट लिहिल्या तरी अडवले काहीच जात नाही, फक्त लॉगमध्ये नोंद होते. ‘ब्लॉकलिस्ट लावली पण फरक नाही’ यातल्या कित्येक तक्रारी इथेच मिटतात. सुरुवातीचा एक आठवडा मात्र इग्नोर मुद्दाम ठेवा आणि लॉगमधल्या ‘डीएनएसबीएल रँक’ असलेल्या ओळी वाचा. डीएनएसब्लॉग या प्रक्रियेच्या ओळींत कोणत्या आयपीला कोणत्या यादीने कोणता कोड दिला ते स्पष्ट असते. तिथे १२७.२५५.२५५ एकदाही दिसता कामा नये. समाधान झाले की एन्फोर्स करा. ड्रॉप निवडू नका. ड्रॉपमध्ये जोडणी लगेच तुटते आणि पाठवणारा व घेणारा कोण होते याची नोंदच राहत नाही. एन्फोर्समध्ये ५५० देण्याआधी ती नोंद होते, आणि उद्या ‘आमचा मेल का नाकारला’ असा फोन आला की तीच कामाला येते.

जुन्या याद्या निर्दयपणे काढा. ओआरडीबी २००६ मध्ये बंद झाली, आणि ज्यांनी ती काढली नव्हती त्यांच्या सर्व्हरला २००८ मध्ये ती सरसकट प्रत्येक आयपीसाठी ‘यादीत आहे’ सांगू लागली. सॉर्ब्ज जून २०२४ मध्ये बंद झाली. ती अजून लावलेली असेल तर नुसता वेळ खाते. जानेवारी २०२१ च्या शेवटी स्पॅमकॉपच्या डोमेनचे नूतनीकरण राहून गेले आणि ते नाव पार्किंगच्या पत्त्यावर गेले. ज्यांच्या नियमात १२७.०.०.२ असे नेमके लिहिले होते ते वाचले, बाकीच्यांचे मेल परत गेले. पण एखादी यादी सगळ्यांनाच १२७.०.०.२ देऊ लागली तर नेमका कोडही वाचवत नाही, तिथे १२७.०.०.१ ची उलटी चाचणीच उपयोगी पडते.

कोणाबद्दल विचारतो आहोत

आपलेच कर्मचारी घरून किंवा फोनवरून मेल पाठवताना नाकारले जात असतील तर ब्लॉकलिस्टचा नियम चुकीच्या पोर्टवर लागला आहे. त्यांचा आयपी पीबीएलमध्ये असणारच, तो तिथे असणेच बरोबर आहे. मोबाइल डेटावर तर अनेक ग्राहक एकच आयपीव्ही४ पत्ता वाटून वापरतात. त्यातल्या कोणा एकाच्या यंत्राला लागण झाली की तो पत्ता एक्सबीएलमध्ये जातो आणि आपल्या माणसाचा त्यात काही दोष नसतो. ५८७ आणि ४६५ या पोर्टांवर पत तपासायचीच नाही. मास्टर.सीएफमध्ये त्या दोन्हींसाठी एसएमटीपीडी_क्लायंट_रिस्ट्रिक्शन्स=परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड,रिजेक्ट असे वेगळे लिहा. पोर्ट २५ वरही परमिट_मायनेटवर्क्स आणि परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड हे दोन्ही रिजेक्ट_आरबीएल_क्लायंटच्या आधी आले पाहिजेत.

दुसरा प्रकार जास्त धोकादायक. पोस्टफिक्स डॉकरमध्ये किंवा एखाद्या प्रॉक्सीमागे असेल आणि लॉगमधल्या सगळ्या जोडण्या १७२.१७.०.१ सारख्या एकाच अंतर्गत पत्त्यावरून येताना दिसत असतील, तर सर्व्हरला खरा आयपी कळतच नाही. तो पत्ता मायनेटवर्क्स या विश्वासू पत्त्यांच्या यादीत असेल तर तपासणी टळतेच, शिवाय कोणीही तुमच्या सर्व्हरवरून जगाला मेल पाठवू शकतो. आणि मग तुमचीच पत बुडते. हे दिसले त्या क्षणी दुरुस्त करा: एचएप्रॉक्सी असेल तर पोस्टस्क्रीन_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल = एचएप्रॉक्सी, डॉकर असेल तर कंटेनरला होस्ट नेटवर्क द्या.

पुढे गाळणारा गेटवे किंवा दुसरा एमएक्स (डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर) असेल तर जोडणी नेहमी त्याच्याच आयपीवरून येते. तो आयपी पोस्टस्क्रीन_ॲक्सेस_लिस्ट मध्ये मोकळा करा आणि पत तपासायचे काम स्पॅमअसॅसिन या मेल तपासून गुण देणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्या. तिथे गेटवेचा पत्ता ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्स या दोन्हींत हवा, म्हणजे तो गेटवेच्या पलीकडचा खरा पाठवणारा शोधतो. ही नोंद नसेल तर गेटवेच पाठवणारा ठरतो. नोंद गरजेपेक्षा रुंद असेल तर कोणा प्रामाणिक माणसाच्या घरचा आयपी पीबीएलशी ताडला जातो. आधाराला म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या एमएक्सवर तपासणी नसेल तर तो काढूनच टाका. स्पॅम पाठवणारे मुद्दाम कमी प्राधान्याच्या एमएक्सकडे जातात.

आयपीची पत जिथे संपते

जीमेल, आउटलुकसारख्या सेवांतून आलेला स्पॅम आयपीवरून अडवता येत नाही. त्या आयपीवरून लाखो खरे मेलही येतात. तिथे डोमेनची पत पाहावी लागते, आणि तीही सही तपासून. मेलमध्ये लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. डीकेआयएमची सही (डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही) किंवा एसपीएफ (डोमेनने मान्य केलेल्या पाठवणाऱ्या आयपींची नोंद) जुळली असेल तरच ते डोमेन खरे धरायचे. म्हणूनच स्पॅमअसॅसिनमध्ये ओळखीच्या ग्राहकांसाठी व्हाइटलिस्ट_फ्रॉम वापरू नका. व्हाइटलिस्ट_ऑथ वापरा, आवृत्ती ४ पासून त्याचे नाव वेलकमलिस्ट_ऑथ झाले आहे. बँकेचे डोमेन व्हाइटलिस्ट_फ्रॉममध्ये टाकणे म्हणजे त्या बँकेच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक फिशिंग मेलला दार उघडून देणे.

मजकुरातल्या लिंकची डोमेने स्पॅमहाउसच्या डीबीएल या डोमेनांच्या यादीत पाहता येतात. तिथे १२७.०.१.२ म्हणजे स्पॅमचे डोमेन, १२७.०.१.४ फिशिंगचे, १२७.०.१.५ मालवेअरचे. इथे आयपी विचारायचा नसतो. विचारला तर १२७.०.१.२५५ येते, आणि डीबीएल चुकून आयपीच्या नियमात लिहिले की पुन्हा सगळेच मेल परत. यूआरआयबीएल या डोमेनांच्या दुसऱ्या यादीची तऱ्हा आणखी वेगळी: चौकशीलाच नकार द्यायचा असेल तर ती १२७.०.०.१ देते. स्पॅमअसॅसिनच्या अहवालात यूआरआयबीएल_ब्लॉक्ड हे चिन्ह दिसले तर मेल वाईट आहे असे समजू नका, तुमचा रिझॉल्व्हर पुन्हा सार्वजनिक झाला आहे. आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हीच खूण आरबीएल_स्पॅमहाउस_ब्लॉक्ड_ओपनरिझॉल्व्हर या नावाने येते.

डोमेनच्या यादीवरून थेट नकार देऊ नका, गुण द्या. आरस्पॅमडीमध्ये मुळात ४ गुणांना ग्रेलिस्ट (तात्पुरता नकार), ६ ला स्पॅमची खूण असलेला हेडर आणि १५ ला नकार असतो. हे आकडे बरेच विचारपूर्वक ठेवलेले आहेत. स्पॅम वाढला म्हणून १५ चे ८ करायची घाई करू नका, आधी मेलच्या अहवालात अपेक्षित चिन्हे उमटतात का ते पाहा. उमटत नसतील तर गुण कितीही बदलले तरी फरक पडणार नाही.

खऱ्या पाठवणाऱ्याला नकार गेला तर

लॉगमधून आयपी आणि कोड काढा. कोड पीबीएलचा असेल तर समोरच्या संस्थेने ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल सोडला आहे. त्यांनी तो आपल्या मेल सेवेच्या ५८७ वरून पाठवायला हवा. एक्सबीएल असेल तर त्यांच्या नेटवर्कमध्ये लागण झालेले यंत्र आहे, हे त्यांना स्पष्ट कळवा. यादीतून नाव काढायचा अर्ज त्यांनीच करायचा असतो आणि लागण दूर केल्याशिवाय करू नये, कारण तो आयपी पुन्हा पकडला जातो. तोवर काम अडू नये म्हणून त्या एकाच आयपीला सीआयडीआर फाइलमध्ये (आयपी आणि त्यांची परवानगी लिहायची यादी) परवानगी द्या, पूर्ण रेंजला नको. शेजारी तारीख आणि कारण लिहा, महिन्याने ओळ काढा.

शेवटी एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) दर तासाला चालवा. तिने वापरात असलेल्या आयपीच्या प्रत्येक यादीला १२७.०.०.२ आणि १२७.०.०.१ विचारावे. पहिल्याला ठरलेला कोड आला नाही, किंवा दुसऱ्याला काहीही उत्तर आले, तर इशारा द्यावा. प्रक्रिया क्रूटमध्ये असतील तर रिझॉल्व्ह.कॉन्फच्या दोन्ही प्रती सारख्या आहेत का हेही तिनेच ताडावे. इशारा एसएमएसने किंवा मेसेजिंग ॲपवर जाऊ द्या. त्याच सर्व्हरच्या मेलवर पाठवलात तर नेमक्या गरजेच्या वेळी तो तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.